पाण्याची कड आणि पट्ट्याचा कागद

मुंबई शहराविषयी मराठीत जे लिहिले गेले त्यातले बरेचसे मी आधी विद्यार्थी म्हणून वाचले आणि पुढे वीस-बावीस वर्षे शिक्षक म्हणून शिकवले. शिकवताना एक वाक्य सतत आडवे येते. निरनिराळ्या पुस्तकांत ते निरनिराळ्या शब्दांत येते, पण आशय एकच : सात बेटे होती, समुद्र बुजवला गेला आणि शहर उभे राहिले. या वाक्यात कर्म आहे, क्रियापद आहे. कर्ता मात्र नाही. समुद्र बुजवला गेला म्हणजे कोणी बुजवला? कोणाच्या हुकुमाने? आणि बुजवल्यावर जी जमीन वर आली ती कोणाची झाली?

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात एका विद्वान वक्त्यांनी मुंबई ही धाडसी व्यापाऱ्यांनी समुद्राकडून जिंकून घेतलेली भूमी आहे, असे मोठ्या ओजस्वी भाषेत सांगितले. माझ्या शेजारी बसलेला एक विद्यार्थी उठला आणि त्याने विचारले, "सर, व्यापाऱ्यांनी टोपली उचलली होती का?" सभागृहात हशा पिकला. अध्यक्षांनी वेळेच्या अभावी पुढच्या वक्त्याला पाचारण केले. तो हशा मला आजही खटकतो. विद्यार्थ्याने विनोद केला नव्हता. त्याने समीक्षेचा एक अत्यंत मूलभूत प्रश्न विचारला होता आणि त्याला उत्तर मिळाले नाही. हा लेख त्या प्रश्नाच्या मागे मागे जाण्याचा प्रयत्न आहे.

माझा या विषयाशी संबंध केवळ पुस्तकी नाही, हेही आरंभीच सांगून टाकतो. माझे वडील रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महारवाड्यातून बोटीने निघाले आणि भाऊच्या धक्क्याला उतरले. पुढची सारी हयात त्यांनी गोदीत पाठीवर गोणी वाहिल्या. ज्या जमिनीवर ते उभे राहून काम करीत ती जमीन शंभर वर्षांपूर्वी समुद्र होती, हे त्यांना ठाऊक होते. "ही सगळी भरणीची जागा," असे ते म्हणत. भरणी कोणी केली याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. आपल्यासारख्यांनीच केली असणार, असे ते गृहीत धरून चालत. शंका पडली ती आम्हा शिकलेल्यांना, कारण आम्ही पुस्तके वाचली.

आता कागदाकडे वळू. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याची गोष्ट एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीपासून धरावी लागते. ही कंपनी १८५८ साली निघाली. कापसाचे गठ्ठे दाबायचे, ते ठेवायचे आणि जहाजावर चढवायचे तर बंदराला लागून जमीन पाहिजे. ती जमीन समुद्रात भर घालून करायची, असा तिचा उद्योग. त्याच सुमारास सरकारलाही जमीन हवी होती. १८५३ साली रेल्वे सुरू झाली होती, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुख्य स्थानकाला बोरीबंदरच्या बाजूला जागा अपुरी पडत होती, आणि भरणीवर स्वतःच्या तिजोरीतून खर्च करण्याची मुंबई सरकारची तयारी नव्हती. मग बोलणी झाली. १८६२ साली जो करार झाला त्याचा गाभा असा की, कंपनीने रेल्वेच्या स्थानकासाठी शंभर एकर जमीन समुद्रातून काढून सरकारला द्यावी, आणि त्याच्या मोबदल्यात स्वतःसाठी अडीचशे एकर किनारा भरून घ्यावा.

शंभर द्या, अडीचशे घ्या. हा हिशोब वाचताना माझ्यासारख्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो असा की, सरकारने दिले काय? भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्या मधला चिखल सरकारने दिला. तो चिखल सरकारने निर्माण केलेला नव्हता, विकत घेतलेला नव्हता, कसलेला नव्हता. पण त्या चिखलात कोळी आपली होडी ओढून ठेवीत होता, जाळे वाळवीत होता, त्याची बायको कालवे काढीत होती. हा वापर पिढ्यान्‌पिढ्यांचा होता, पण बोलणी झाली ती सरकार आणि कंपनी या दोन पक्षांत. जाळे वाळवणारा त्यात तिसरा पक्ष नव्हता. जी वस्तू कोणाच्या नावावर चढलेली नाही ती सरकारची, आणि जी सरकारची ती देण्यास सरकार मुखत्यार, या दोन पायऱ्यांवरून तो किनारा कंपनीच्या घरात गेला.

बोलणी कशी चालत हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. एका बाजूला मुंबईचे गव्हर्नर आणि त्यांचे सेक्रेटरी, दुसऱ्या बाजूला कंपनीचे डायरेक्टर. मुंबई सरकारचा खलिता कलकत्त्याला, तिथून लंडनला भारतमंत्र्याकडे, आणि मग उलट दिशेने. या प्रवासात महिने जात, पण कंपनीला कोणी दारात उभे केले नाही. तिचे म्हणणे ऐकून घेतले जाई, तिच्या अडचणी कागदावर येत, अटी बदलता येत. म्हणजे तो दोन सभ्य गृहस्थांमधला व्यवहार होता. हे वाक्य मी उपरोधाने लिहीत नाही. सरकार नावाची संस्था माणसाशी सभ्यपणे बोलू शकते, त्याच्या सोयीने अटी घालू शकते, याचा तो लेखी पुरावा आहे. पुढे ज्या दुसऱ्या कागदांविषयी लिहिणार आहे त्यांच्या शेजारी हा पुरावा ठेवून पाहावा.

पश्चिम किनाऱ्यावर याहून मोठा खेळ झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ पासून लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना. इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पुरावर बॅक बे रेक्लमेशन कंपनी तरंगली. इथेही मूळ निमित्त रेल्वेचेच. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची लाइन कुलाब्यापर्यंत न्यायची, सरकारला त्यासाठी जमीन फुकट हवी, म्हणून किनारा भरण्याची सवलत कंपनीला. पाच हजारांच्या एका शेअरचा भाव पन्नास हजारांच्या आसपास गेला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या सरकारने स्वतःच कंपनीचे चारशे शेअर घ्यावेत असा बेत केला होता. वरून त्याला नकार आला. म्हणजे जमिनीचा मालक, परवानगी देणारा, अटी ठरवणारा आणि त्या अटींतून होणाऱ्या नफ्याचा भागीदार, असा एकच पक्ष होऊ पाहत होता. नकार आला हे बरे झाले, पण बेत झाला होता ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, १ जुलै १८६५ या दिवशी वायद्याचे सौदे पुरे करायचे होते आणि ते पुरे करायला कोणाजवळ पैसा नव्हता. प्रेमचंद रायचंद बुडाले. पाठोपाठ बँक ऑफ बॉम्बे बुडाली आणि १८६८ साली तिच्या चौकशीसाठी कमिशन बसले. बॅक बे कंपनी गुंडाळली गेली. तिच्या मागे राहिली ती किनाऱ्याची एक चिंचोळी पट्टी आणि रेल्वेचे रूळ.

पूर्वेकडे एल्फिन्स्टन कंपनी मात्र सरकारला अजून पुरून उरायची होती. धक्के तिच्या हातात, त्यामुळे जहाजावर चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या मालाचा गळा तिच्या हातात. ज्यांना किनारा दिला ते आता व्यापाराची नाडी दाबतील, ही भीती खुद्द सरकारला वाटू लागली. पुन्हा बोलणी सुरू झाली, या वेळी परत घेण्याची. १८७० च्या सुमारास सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन करून ती त्याच्या स्वाधीन केली. दहा वर्षांपूर्वी जो चिखल सवलतीत दिला तो आता जमीन म्हणून रोख किमतीला घेतला. पैसा कोणाचा? रयतेचा. त्या रयतेत आमचे आजे-पणजेही होते. त्यांना हा व्यवहार कोणी विचारला नाही, सांगितलाही नाही. आजही पूर्व किनाऱ्याची सुमारे १८०० एकर जमीन या पोर्ट ट्रस्टच्या वारसाकडे आहे, आणि तिचे पुढे काय करायचे याच्या समित्या २०१४ पासून बसत आहेत.

आता साहित्याकडे येतो, कारण माझे मुख्य भांडण तिथे आहे.

गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे एल्फिन्स्टन कंपनीचा करार होऊन एक वर्ष झाले होते आणि त्याच साली बॅक बे कंपनी निघत होती. मराठीतला हा पहिला मोठा नगरवृत्तांत. माडगांवकर शिक्षक होते, मिशनच्या शाळेत शिकवीत. लोकांनी उद्योगी व्हावे, शहाणे व्हावे ही त्यांची कळकळ पानोपानी दिसते. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. रस्ते, बाजार, बंदरे, देवळे, नाना जातींचे लोक हे सारे त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले आणि साध्या मराठीत लिहिले. पण त्यांची नजर कुतूहलाची आहे. जे झाले ते पाहून चकित होणारी आहे. खाडी होती तिथे रस्ता झाला याचे आश्चर्य त्यांना वाटते. त्या रस्त्याखालच्या खाडीचा हक्क कोणाकडून कोणाकडे गेला, हा प्रश्न त्यांच्या मनात उठत नाही. ते १८६५ साली वारले. शहर कोसळले त्याच वर्षी. त्यांना आणखी पाच वर्षे मिळती तर त्यांचे कुतूहल शंकेत बदलले असते काय? मला तसे वाटायला आवडेल, पण पुस्तकात त्याला आधार सापडत नाही.

माडगांवकरांना काळाची मर्यादा होती असे म्हणता येईल. तोच युक्तिवाद पुढच्यांना लागू पडत नाही. शिंगणे आणि आचार्य यांचा 'मुंबईचा वृत्तांत' १८८९ साली निघाला. तोपर्यंत सवलत, सट्टा, दिवाळे आणि पुनर्खरेदी हे सगळे चक्र फिरून झाले होते, १८८० साली प्रिन्सेस डॉक सुरू झाली होती. तरीही शहराची वाढ ही तिथे कर्तबगारीची कथाच राहते. दिनशा वाच्छा तर त्या शेअरवेडाच्या काळात ऐन विशीतले तरुण होते आणि १९१० साली त्यांनी त्या काळावर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. वाच्छांना पैशाचे कळत होते, सरकारी गलथानपणावर ते बोट ठेवतात. पण बुडाले कोण, तर त्यांच्या दृष्टीने भागधारक बुडाले, ठेवीदार बुडाले, पेढ्या बुडाल्या.

इथे मी दोन आकडे ठेवतो. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ च्या गणतीत ती ६,४४,४०५ भरली. पहिली गणती फुगलेली असावी असे अभ्यासक म्हणतात, आणि ते खरेही असेल. निम्मा फरक चुकीचा धरला तरी ऐंशी-पंच्याऐंशी हजार माणसे या शहरातून नाहीशी झाली. ही माणसे शेअर घेणारी नव्हती. भरणीचे काम होते तेव्हा आली, काम थांबले तेव्हा गेली. कुठे गेली? दख्खनमध्ये, कोकणात, ज्या गावकुसाबाहेरून आली तिथेच परत. प्रेमचंद रायचंदांच्या दिवाळ्यावर पानेच्या पाने आहेत. राजाबाई टॉवर अजून उभा आहे. या हजारो माणसांच्या परतीवर मराठीत एक कथा नाही, एक पोवाडा नाही. ज्यांना लिहिता येत होते त्यांना ही घटना दिसली नाही, आणि ज्यांनी ती भोगली त्यांच्या हातात अक्षर नव्हते. प्रस्थापित साहित्याच्या मर्यादेविषयी आपण पुष्कळ तात्त्विक बोलतो. मला तो सगळा वाद या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत दिसतो.

आणि भर कशाची घातली? मुरूम, दगड, टेकड्या फोडून आणलेली माती हे तर होतेच. पण भायखळा-ताडदेवच्या खोलगट भागात, ज्याला फ्लॅट्स म्हणत, शहराचा केरकचरा टाकून जमीन भरून काढली गेली. तो केर कोणी गोळा केला, कोणी वाहिला हे सांगायला इतिहासकार कशाला पाहिजे? नगरपालिकेच्या करांत हलालखोर कर नावाचा स्वतंत्र कर होता. म्हणजे आमच्या माणसांचे नाव करपट्टीत आले, जमिनीच्या पट्ट्यात आले नाही. मेहतर, भंगी, महार, मांग यांच्या डोक्यावरच्या टोपल्यांतून जी जमीन झाली तिच्यावर पुढे चाळी उठल्या, गिरण्या उठल्या, आणि त्यांतल्या काही गिरण्यांच्या विणकाम खात्यात आम्हांलाच प्रवेश नव्हता, कारण धागा तोंडाने ओला करावा लागे.

आता दुसरा कागद. एल्फिन्स्टन कंपनीशी गोडीगुलाबीने बोलणारे हेच मुंबई सरकार गावोगावच्या महाराशी कसे बोलत होते? १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले होते आणि ज्याच्याजवळ जुनी जमीन आहे त्याने ती आपली कशी हे सिद्ध करावे, असा दंडक होता. नवी जमीन मागणाऱ्या कंपनीला पुरावा नको, बापजाद्यांची जमीन धरून बसलेल्याला पाहिजे. १८७४ साली वतनांचा कायदा आला. महाराच्या वतनी जमिनीचा तुकडा केवढा, तर एका घराचे पोट चालणार नाही एवढा. आणि त्याच्या बदल्यात सेवा केवढी, तर रात्रंदिवस. चावडी झाडा, टपाल पोचवा, साहेबाच्या मुक्कामाला लाकूडफाटा आणा, कैद्याबरोबर चाला. बाप आजारी तर मुलगा, मुलगा नाही तर घरातला जो कोणी असेल तो. हाही सरकारशी केलेला एक प्रकारचा पट्टाच. फरक इतकाच की यात एका पक्षाला अटी वाचता येत नव्हत्या आणि दुसऱ्या पक्षाने त्या कधी संपवल्या नाहीत.

मुंबईच्या जुन्या पट्ट्यांमध्ये नऊशे नव्व्याण्णव वर्षांची मुदत आढळते. १८६२ मधून नऊशे नव्व्याण्णव वर्षे मागे गेले तर आपण राष्ट्रकूटांच्या अमोघवर्षाच्या दरबारात पोचतो. एवढ्या लांबचा भविष्यकाळ सरकार एखाद्या पट्टेदाराला लिहून देऊ शकते. महाराला मात्र उद्याची सकाळही लिहून मिळत नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. त्यात मागणी काय होती? ज्या महाराला सेवेतून मोकळे व्हायचे असेल त्याने जमिनीचा पुरा सारा भरावा आणि सुटावे. बलुत्याऐवजी रोख पट्टी बसवावी. विचार करा, हा मनुष्य फुकट काही मागत नाही. पुरा सारा भरायला तयार आहे. एल्फिन्स्टन कंपनीच्या मागणीशी तुलना केली तर ही मागणी किती माफक! पण ती मान्य झाली नाही. १९२९ साली विधेयक मागे घ्यावे लागले. पुढे महायुद्धाच्या काळात वतनी जमिनींवरची जुडी वाढवली गेली तेव्हा १९४१ साली सिन्नरला परिषद भरवून बाबासाहेबांना तिच्याविरुद्ध उभे राहावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा आला तो १९५८ साली, स्वराज्यात. आणि त्यातही जमीन परत आपल्या नावावर घ्यायची तर महाराने कब्जेहक्काची रक्कम भरायची, नि विकायची तर कलेक्टरची परवानगी घ्यायची. भरणी कंपन्यांचे चित्र उलटे आहे. त्यांच्या कागदाची फेड सरकारने केली, आमच्या कागदाची फेड आम्ही केली.

तिसरा कागद मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेचे सदतिसावे कलम आपल्या कार्यकर्त्यांनी एकदा मुळातून वाचावे. (मुंबई शहराला ही संहिता लागू नव्हती, तिथे १८७६ चा वेगळा कायदा होता, बाकीच्या इलाख्याला ती लागू होती.) ज्या रस्त्यांवर, गल्ल्यांवर, पाण्यावर कोणाचा हक्क सिद्ध झालेला नाही ते सारे सरकारच्या मालकीचे, असे हे कलम सांगते. त्या यादीत समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा भरतीच्या रेषेखालचा तळ आहे. आणि त्याच यादीत नद्या, ओढे, सरोवरे आणि तळी आहेत. एकाच कलमात समुद्राचा तळ आणि गावचे तळे!

म्हणजे पाण्याची कड कोणाची हे सरकारला नक्की माहीत होते. समुद्राच्या कडेला त्याने ही मालकी वापरली आणि ती कंपनीला बहाल केली. गावच्या तळ्याच्या कडेला मात्र तीच मालकी त्याला आठवत नव्हती. तिथे तो रूढीचा प्रश्न झाला, समाजाचा प्रश्न झाला, शांतताभंगाचा प्रश्न झाला. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव कायदेमंडळात संमत झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, आणि मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले तेव्हा माणसांची डोकी फुटली. डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम आला. दावा काय होता? तळे खाजगी आहे, चौधरी मंडळींचे आहे, असा एक भाग होता. तो टिकला नाही, तळे नगरपालिकेचे ठरले. उरली रूढी. ती अनादिकालापासूनची आहे हे सिद्ध झाले नाही म्हणून १९३७ साली हायकोर्टात वादी हरले. दहा वर्षे. एका ओंजळ पाण्याची मालकी ठरवायला दहा वर्षे, आणि अडीचशे एकर समुद्र द्यायला एक करार.

गोलमेज परिषदेत १९३० साली बाबासाहेबांनी इंग्रज सरकारला जो रोखठोक हिशोब विचारला, की तुमच्या आधी आम्हांला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, तुमच्या राज्यात तरी येते का, त्याचा अर्थ मला हे कलम वाचल्यावर पुरता कळला. आपल्यात काही जण इंग्रजी राज्याकडे उद्धारक म्हणून पाहतात, आणि त्याला कारणेही आहेत. लष्कर, शाळा, रेल्वे, गिरणी यांनी गावकुसाला भोके पाडली हे खोटे नाही. परंतु त्या राज्याने कोणाशी वाटाघाटी केल्या आणि कोणाला अर्ज करायला लावले, हा भेद नजरेआड करून चालणार नाही.

शेवटी थोडे आपल्याच समीक्षेविषयी. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हापासून त्याच्यावर जे लिहिले गेले त्यात 'नरक', 'अधोविश्व', 'महानगरीय वास्तव' हे शब्द इतके वापरले गेले की ते आता गुळगुळीत झाले आहेत. नरक म्हटले की तो कोणी बांधला हे विचारावे लागत नाही. नरक आपला असतोच. मी विद्यार्थ्यांना त्या भागातल्या रस्त्यांची नावे आधी वाचायला सांगतो. फोरास रोड. हे नाव कोणा बाईचे नाही, साहेबाचेही नाही. फोरास हा एक जमीनधारा होता. किल्ल्याबाहेरच्या खारट, खोलगट जमिनी लोकांनी भरून लागवडीला आणाव्यात म्हणून हलक्या भाड्याने दिल्या जात, त्या भाड्याचे ते पोर्तुगीज वळणाचे नाव. त्या जमिनींच्या मालकीवर सरकार आणि धारक यांच्यात दीर्घकाळ झगडा चालला आणि १८५१ सालच्या एका खास कायद्याने तो मिटवावा लागला. कामाठीपुरा हे नाव निजामाच्या मुलखातून बांधकामावर आलेल्या कामाठी मजुरांचे. म्हणजे 'गोलपिठ्या'चा सगळा भूगोल हा पट्ट्याचा आणि मजुरीचा भूगोल आहे. ढसाळांच्या कवितेतला संताप हा केवळ भोगलेल्या दुःखाचा नाही. तो हिशोब मागणाऱ्याचा आहे. आपल्या समीक्षेने त्याच्या शिव्या मोजल्या, हिशोब तपासला नाही. बाबूराव बागूल, नारायण सुर्वे, अण्णाभाऊ साठे यांच्या मुंबईविषयीही हेच म्हणता येईल. गोदी, चाळ, फूटपाथ, खाडी ही त्यांच्या लेखनात नुसती पार्श्वभूमी नाही. ती कोणीतरी कोणाला तरी लिहून दिलेली जमीन आहे.

यावर एक आक्षेप येईल, तो माझ्या एका मित्राने घेतलाही. तो म्हणाला, "साहित्याची समीक्षा करता करता तू तलाठ्याचे दप्तर उघडून बसलास." मी म्हणालो, ज्यांच्या घरात तलाठ्याचे दप्तर कधी चुकीचे निघाले नाही त्यांना ते कंटाळवाणे वाटणारच. आमच्याकडे प्रत्येक दुःखाच्या तळाशी एक उतारा असतो. म. फुले ठेकेदारी करीत, इंजिनियर खात्याचा कारभार त्यांनी आतून पाहिला होता. म्हणूनच त्यांच्या लेखनातला कारकून इतका खरा उतरला. त्या वाटेने आपण पुरेसे गेलो नाही.

आणि हा विषय जुना झालेला नाही. दादरच्या चौपाटीवर, जिथे ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांना अग्नी दिला, त्याच्या लगतच इंदू मिलची जमीन आहे, तीही समुद्राच्या कडेची. ती स्मारकासाठी मिळावी म्हणून किती निवेदने, किती मोर्चे निघाले! डिसेंबर २०११ मध्ये कार्यकर्ते गिरणीत शिरून बसले, २०१२ साली साडेबारा एकर देण्याची घोषणा झाली, आणि करारावर सह्या व्हायला २०१५ उजाडले. साडेबारा एकर. मी वर दिलेला १८६२ चा आकडा वाचकांनी पुन्हा पाहावा.

त्या चर्चासत्रातला विद्यार्थी आता आणखी एकाला बरोबर घेऊन पुराभिलेखागारात जाऊ लागला आहे. ते दप्तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, ज्या कॉलेजात बाबासाहेब शिकले. जुने इंग्रजी हस्ताक्षर त्यांना अजून नीट लागत नाही, मोडीची तर आत्ता कुठे सुरुवात आहे. सरकार आणि कंपनी यांच्यातल्या पत्रव्यवहारात फार वेळ घालवू नका, असे मी त्यांना सांगितले आहे. मुकादमांची बिले मिळतात का ते आधी पाहा. टोपलीला किती पैसे होते, आणि ते कोणाच्या नावावर लिहिले होते.